घंटा झाली म्हणून लागलेली भूक

आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला पाण्याची टाकी आहे. तिच्या आडोशाला कावळे फार. पहिली-दुसरीचे वर्ग घ्यायला लागले तेव्हा मला वाटायचं, शेजारी पिंपळ आहे म्हणून जमत असतील. खरं कारण कळायला वर्ष गेलं. मधली सुट्टी संपत आली की दोन-तीन पोरं डबा घेऊन टाकीमागे जायची, उरलेली पोळी कावळ्यांना टाकायची, डबा नळाखाली विसळायची आणि शहाण्यासारखी वर्गात येऊन बसायची. एकीला मी तिथेच गाठलं तर तिने रडायलाच सुरुवात केली. "बाई, आईला सांगू नका. डबा संपला नाही तर ती ओरडते."

"भूक नव्हती का?"

"नव्हती."

"मग तुला भूक लागते तरी कधी?"

तिने जरा विचार केला. "गणिताच्या तासाला."

गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतरचा दुसरा. त्या तासाला डबा उघडणं हा आमच्याकडे गुन्हा. म्हणजे पोटात काही नको असतं तेव्हा खायची सक्ती आणि पोटात कावळे ओरडतात तेव्हा हाताची घडी, तोंडावर बोट. या मुलीला स्वतःची भूक नेमकी ओळखता येत होती, वेळेसकट. ती विसरायला लावण्याचं काम आम्ही करत होतो, आम्ही म्हणजे तिची आई आणि मी, दोघी मिळून.

हल्ली 'खरी भूक ओळखायला शिका' असं जो तो सांगतो. सल्ला चुकीचा नाही, पण त्यातला 'शिका' हा शब्द मला खटकतो. भूक ओळखणं हे पोहण्यासारखं किंवा सायकलसारखं नवीन शिकायचं कसब नाही. तान्ह्या बाळाला ते येतं. पोट भरलं की ते तोंड फिरवतं. पुन्हा लावायला गेलात तर मान ताठ करतं. डॉक्टरही बाळ मागेल तेव्हा पाजा, असंच सांगतात. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. बालवाडीतल्या मुलांना कधी कमी, कधी जास्त वाढलेलं ताट दिलं. तीन-साडेतीन वर्षांची मुलं ताटात कितीही असो, साधारण तेवढंच खात होती. पाच वर्षांची मात्र ताट मोठं झालं की जास्त खात होती. मधल्या दीड-दोन वर्षांत काय होत असावं? आपल्याकडचं उत्तर मला माहीत आहे. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, एक आत्याचा, एक मामाचा. घास पोटाचा असतो, हे सोडून बाकी सगळ्यांचा.

हे मी आयांना नावं ठेवायला लिहीत नाही. आमची शाळा अनेक वर्षं सातला भरायची. पोराला पावणेसहाला हलवून उठवायचं, डोळे मिटलेले असतानाच अर्धा पेला दूध घशाखाली घालायचं, रिक्षा आली की पळायचं. यात भुकेला विचारायला वेळ कोणाकडे? प्रार्थनेच्या रांगेत आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ओकायचं. त्यासाठी वर्गाबाहेर मातीची एक बादलीच भरून ठेवलेली असायची. शिपाईमामा सवयीने येऊन माती टाकायचे आणि 'जन गण मन' पुढे चालू. पालकसभेत मात्र एकच गाऱ्हाणं: पोरगं काही खातच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. तेव्हाची सगळी चर्चा मुलांच्या झोपेवर झाली आणि ती योग्यच होती. पण मला वर्गात जो फरक दिसला तो झोपेपेक्षा पोटाचा होता. मुलं उठल्यावर तास-दीड तास घरात असतात, हिंडतात-फिरतात आणि मग मागून खातात. मातीची बादली आता कुंडी झाली आहे, तिच्यात कोरफड लावली आहे. जेवायच्या वेळा हा खासगी शिस्तीचा विषय आहे, असं मानणाऱ्यांना मी ती कुंडी दाखवीन. एका सरकारी कागदाने शेकडो घरांतली न्याहारीची वेळ सरकली. त्यासाठी कोणाला आपल्या शरीराचं ऐकण्याचं शिबिर करावं लागलं नाही.

आता माझं स्वतःचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी साखर काठावर आली. यात मी एकटी नव्हते. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात मधुमेही १० कोटी १० लाख आणि काठावरचे १३ कोटी ६० लाख असा अंदाज होता. काठावर चांगलीच गर्दी आहे. तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत दोन पक्ष होते: दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगायचे, दिवसातून दोनदाच खा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगायच्या, थोडं थोडं खा, पण दर दोन तासांनी खा. महाराष्ट्रात २०१८-१९ च्या सुमारास या दोन पक्षांत जेवढे वाद झाले तेवढे राजकारणावरूनही झाले नसतील. निदान आमच्या खोलीत तरी नाही. आमच्या एक ज्येष्ठ बाई घड्याळ टेबलावर काढून ठेवून जेवायच्या. बावन्नाव्या मिनिटाला त्यांना लाडू आठवायचा. भूक नसायची, पण ५५ मिनिटं संपली की पुढचे सात तास काही नाही, या धास्तीने तो पोटात जायचा. पलीकडे दिवेकर पक्षातली एक तरुण शिक्षिका दर दोन तासांनी मोबाइल वाजला की शेंगदाणे काढायची, नुकताच कोणाच्या वाढदिवसाचा केक खाल्लेला असला तरी.

गंमत अशी की या दोघांच्याही सांगण्यात भूक होती. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा आधी शोधा, असं दीक्षित सांगत. पोटाचं ऐका, असं दिवेकरही सांगत. आपण मात्र दोघांकडून आकडे तेवढे उचलले, कारण आकडा पाळणं सोपं असतं. पोटाचं ऐकायचं तर आधी गप्प बसावं लागतं.

मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्ही सोडलं. मग एक बिनखर्चाचा उद्योग केला. शंभर पानी वही घेतली आणि काहीही तोंडात टाकण्याआधी एकच गोष्ट लिहायची ठरवली: भूक कुठे आहे? पोटात, तोंडात, डोळ्यांत की घड्याळात? पहिल्या आठवड्याची पानं वाचून मला लाज वाटली. सकाळचा चहा-बिस्किट: सवय. साडेदहाचा डबा: घंटा. चारचा वडा: शेजारच्या बाईंनी मागवला म्हणून. सहाचे पोहे: नवऱ्यासाठी केले, कढईत दोन चमचे राहिले, टाकायचे कसे? रात्रीचं जेवण साडेनऊला, कारण मुलगा क्लासहून तेव्हा येतो. सात दिवसांत 'पोटात' हा शब्द चार वेळा आला होता. आणि त्यातल्या दोन वेळा मी खाल्लं नव्हतं, कारण तास चालू होता.

यावरून मला एक कसोटी सापडली. सापडली कसली, ती म्हणीत होतीच: भुकेला कोंडा. खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, आत्ता शिळी भाकरी आणि लसणाची चटणी समोर आली तर चालेल का? चालत असेल तर भूक. 'नको, वडाच हवा' असं उत्तर आलं तर ती भूक नाही, तोंड चाळवायची इच्छा आहे. तीही माणसाची हौस आहे, तिच्यासाठी अधूनमधून वडा खावा; फक्त त्याला भूक म्हणू नये. भूक सावकाश चढते आणि ती पोटात असते. तल्लफ एकदम येते, जिभेवर असते आणि तिला एकच नाव ठाऊक असतं. तिसरीही एक असते, झोपेची. जागरण झालं की दुसऱ्या दिवशी खा-खा सुटते. त्यामागे कारण आहे: झोप तोडली की भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) रक्तात वाढतं आणि पुरे म्हणणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पेपर तपासण्याच्या दिवसांत शिक्षकखोलीत फरसाणाच्या पिशव्या का येतात, ते मला तेव्हा कळलं.

घ्रेलिनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यात या सगळ्या वादाची मेख आहे. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने १९९९ मध्ये ते शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला जेवणाची आठवण देतं. पण ते पोट रिकामं झालं एवढ्यानेच वाढतं असं नाही. रोजच्या जेवणाची वेळ जवळ आली की आधीच चढायला लागतं. आणि दिवसभर उपाशी ठेवलेल्या माणसांतही ते नेहमीच्या वेळी चढतं आणि काहीही न खाता पुन्हा उतरतं. आपल्या आज्या म्हणायच्या, "वेळ टळली, आता भूक मेली." अगदी बरोबर म्हणायच्या. भूक ही लाट आहे, खड्डा नाही. खड्डा भरल्याशिवाय बुजत नाही, लाट ओसरते.

याचा अर्थ घड्याळ खोटी भूक लावतं असा घ्यायचा का? माझा एक भाचा तसा घेतो. त्याच्या मते ठरलेल्या वेळा ही गुलामगिरी, वाटेल तेव्हा खावं. मला हे पटत नाही. शरीराला वेळेची सवय लागते हे त्याचं शहाणपण आहे. येणाऱ्या अन्नाची ते आधीच तयारी करून ठेवतं. घरातल्या सहा माणसांनी सहा वेळांना जेवायचं ठरवलं तर स्वयंपाकघरातल्या बाईची सुटका कधी होणार, हा प्रश्न तर भाच्याला पडलेलाच नाही. मुद्दा घड्याळ फेकून देण्याचा नाही. सवय लावता येते, म्हणजेच ती सरकवताही येते; काही दिवस नव्या वेळेला जेवलात की लाट त्या वेळेला यायला लागते. प्रश्न एवढाच की ते घड्याळ कोणी लावलं, शरीर बघून की रिक्षा बघून.

घड्याळाला देव करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना उष्मांक मोजून दिले. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाल्ले. वजन दोन्ही गटांचं उतरलं, पण त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा चारनंतर तोंडाला कुलूप लावल्याने काही जादू होते, असं कोणी सांगितलं तर जरा थांबावं. रात्री उशिरा, टीव्हीसमोर, अर्धवट झोपेत भूक नसताना खाल्लेलं बंद झालं तर फायदा होतोच. पण तो बहुधा न खाल्लेल्या चिवड्याचा असतो.

आपल्या जुन्या वैद्यकाने ही गाठ बरी सोडवली होती. चरकसंहितेत जेवणाच्या नियमांत 'जीर्णे' असा शब्द आहे: आधीचं पचल्यावर जेवावं. पहिलं जिरलं नसताना वर दुसरं खाण्याला 'अध्यशन' असं नावच दिलं आहे आणि ते रोगाचं कारण म्हणून सांगितलं आहे. इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्याच ग्रंथात अडवून धरू नयेत अशा वेगांची, म्हणजे शरीराच्या हाकांची, यादी आहे. त्यात मल, मूत्र, शिंक यांच्या रांगेत भूकही बसवली आहे. हे मात्र कोणी सांगत नाही. भूक नसताना खाऊ नका, हा उपदेश सोयीचा आहे, कारण तो खाणाऱ्याला करायचा असतो. भूक लागल्यावर अडवू नका, हे अडवणाऱ्याला सांगावं लागतं. मुख्याध्यापकांना, मुकादमाला, दुकानाच्या मालकाला, घरच्या मोठ्यांना.

आणि इथे माझी वही कमी पडते. माझ्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींना मी उत्साहाने ती दाखवली होती. त्या हसल्या. सकाळी सहाला चहा-पाव घेऊन निघतात, पाच घरं करतात, घरी पोचतात दोन-अडीचला. "ताई, माझी भूक कुठे असते ते मला माहीत आहे. तिसऱ्या घरात असते." तिसरं घर माझंच होतं. मी तोपर्यंत त्यांना फक्त चहा देत होते. भूक लागायची वाट बघणं ही भरल्या घरातली चैन आहे, हे मला माझ्याच ओट्यापाशी उभं राहून कळलं. ज्यांना भूक ओळखण्याची अडचण नाही, ज्यांची अडचण ती भागवायची वेळ आपल्या हातात नसण्याची आहे, अशांची संख्या या राज्यात कमी नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यांच्या आयांना 'खरी भूक ओळखा' हे सांगायला कोण जाईल?

आणि घरोघरी सगळ्यांचं झाल्यावर बसणारी बाई. तिची भूक तर दोनदा मरते, एकदा वेळ टळून आणि एकदा फोडणीच्या वासाने. मग ती ताटातलं उरलेलं संपवते, भूक असो वा नसो, कारण अन्न टाकू नये. माझ्या आईला मी कधी गरम पोळी खाताना पाहिल्याचं आठवत नाही. मधुमेहही तिला झाला.

कायद्याला हे अगदीच माहीत नाही असं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असं होतं. अडीचशेवर कामगार असतील तर उपाहारगृहही लागायचं. म्हणजे कामगाराचं पोट पाच तासांत बोलू लागतं, हे सरकारने स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी मान्य केलं. पण तो कायदा कारखान्याचा. मावशींच्या पाच घरांना तो कधी नव्हताच. दारात पार्सल आणून देणाऱ्या पोरांकडे बघा: गावाची भूक दुचाकीवर वाहतात आणि स्वतः दुपारी चारला सिग्नलपाशी उभ्याने वडापाव खातात.

मुंबईने हा प्रश्न एकदा फार सुंदर सोडवला होता. सकाळी आठच्या गाडीला निघणाऱ्या माणसाला जेवणाची भूक नसते आणि एकला लागते तेव्हा घर कोसभर लांब असतं. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली. चाकरमान्यांनी भूक सकाळी आठला सरकवावी, असं कोणी म्हटलं नाही. डबा एकला सरकवला. आरोग्याच्या धोरणात मला हीच वाट हवी आहे. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, कारण दुपारच्या आहारापर्यंत मुलं रिकाम्या पोटी बसतात हे उघड दिसत होतं. आपल्याकडे शालेय पोषण आहार १९९५-९६ पासून आहे, पहिली ते पाचवीला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं मापही ठरलेलं आहे. किती द्यायचं हे ठरलं. मुलाला भूक केव्हा लागते, हे कोणी विचारलं नाही.

माझ्या बोलण्याचा कोणी गैरअर्थ काढू नये म्हणून दोन गोष्टी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी भुकेची वाट बघत बसू नये. त्यांचं घड्याळ डॉक्टरच लावतील. आणि आठवी-नववीच्या मुली अलीकडे "मला भूकच लागत नाही" असं अभिमानाने सांगतात, तेव्हा ते शरीराचं ऐकणं नसतं. बहुतेकदा ते शरीराला गप्प बसवणं असतं, आणि तिथे शिक्षिकेने लगेच घरी बोलावं.

गेल्या वर्षी मी शिक्षकसभेत एक मागणी मांडली. एका मोठ्या सुट्टीऐवजी दोन लहान सुट्ट्या करा. आणि पहिली-दुसरीच्या वर्गात, भूक लागली तर मुलाने न विचारता मागच्या बाकावर जाऊन चार घास खाल्ले तरी चालतील, असा नियम करा. दुसरी गोष्ट ऐकून सभेत हशा झाला. वर्गाचं हॉटेल होईल, म्हणाले. पहिल्या मागणीवर, वेळापत्रक बसत नाही, असं उत्तर मिळालं. मग माझ्या वर्गापुरतं मी ते न विचारताच सुरू केलं. पहिले आठ दिवस खरंच हॉटेल झालं. नवव्या दिवशी मागच्या बाकावर दोघं होती, नंतर रोज एखाद-दुसरं. डबे मात्र अर्धे परत जायला लागले आणि तीन आया तक्रार घेऊन आल्या. त्यांच्याशी बोलण्यात दोन दुपारी गेल्या. एकीला पटलं, दोघींना नाही.

टाकीमागचे कावळे थोडे कमी झालेत. मी अजून साडेदहाची घंटा झाली की डबा उघडते. भूक नसते, पण त्यानंतर एकपर्यंत मला सुट्टी नाही.